नाल्यावरचा बाजार

म्हैसूरचं देवराज मार्केट ज्या जमिनीवर उभं आहे, ती मुळात एका फसलेल्या कालव्याची जागा. १७९९ साली टिपू सुलतान पडला, राजधानी श्रीरंगपट्टणहून म्हैसूरला आली, पाच वर्षांच्या मुम्मडी कृष्णराज वाडियारांना गादीवर बसवलं आणि कारभार दिवाण पूर्णय्यांच्या हाती आला. टिपूने जुनं म्हैसूर मोडून त्याचे दगड शेजारी नजरबादचा किल्ला बांधायला नेले होते. ते परत आणून गाव पुन्हा उभं करायचं होतं. राजधानी म्हटली की वस्ती वाढणार आणि वस्तीला पाणी लागणार, म्हणून पूर्णय्यांनी कावेरीचं पाणी म्हैसुरात आणायला नाला खणायला घेतला. पाणी काही आलं नाही. खोल खंदक तेवढा उरला, त्यात गावाचं सांडपाणी साचू लागलं आणि रोगराईला कायमचं घर मिळालं.

१८३१ पासून पन्नास वर्षं म्हैसूर संस्थान थेट इंग्रज कमिशनरांच्या ताब्यात होतं. १८८१ मध्ये ते चामराजेंद्र वाडियारांना परत मिळालं आणि शहराची साफसफाई मनावर घेतली गेली. त्या वेळी नाल्याचा बराच भाग बुजवला आणि त्या भरावाच्या पट्ट्यावर बाजार वसवला. सुरुवात १८८० च्या दशकातली, आजचं रूप आलं विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत, नाल्वडी कृष्णराज वाडियारांच्या काळात. सयाजीराव रस्त्याला लागून जो लांबच लांब आयत दिसतो, त्याची लांबी आणि अरुंदपणा समजून घ्यायचा तर त्याच्याखालचा नाला आठवावा लागतो.

या शहराचा इतिहास कुणी विचारला की मी तो या नाल्यापासून सांगायला लागते. पाहुणे राजवाड्याची तिकिटं काढायला उतावीळ असतात, तेही बरोबरच आहे. हेन्री आयर्विनने आखलेला तो राजवाडा १९१२ मध्ये पुरा झाला आणि रविवारी संध्याकाळी त्याचे दिवे लागले की मीही थांबून बघते. पण राजवाडा फक्त राजांबद्दल बोलतो. कोणत्या गावची माती कशी आहे, कोणत्या नदीचं पाणी कुठवर पोचतं, कुणाची बैलगाडी दिवसात किती मैल जायची, हे बाजारच सांगतो. चाळीसेक वर्षं मी इथे राहते आहे, त्यातली बरीच वर्षं शाळेत इतिहास शिकवण्यात गेली, आणि माझं हे मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे.

आधी नावाचा उलगडा करते, कारण इथे मुंबई-पुण्याची मंडळी हमखास चकतात. बाजाराशेजारी कापडाच्या आणि चपलांच्या दुकानांनी भरलेला देवराज अर्स रस्ता आहे. तो १९७० च्या दशकातल्या मुख्यमंत्र्यांच्या नावाचा. बाजाराचा देवराज त्यांच्याहून तीनशे वर्षं जुना. दोड्ड देवराज वाडियार १६५९ ते १६७३ या काळात गादीवर होते. चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्या आणि वाटेवरचा एका दगडातला नंदी त्यांच्याच काळातला. आणि बाजार ज्याला चिकटून आहे तो सयाजीराव रस्ता आपल्या बडोद्याच्या गायकवाडांच्या नावाचा. मी साताऱ्याची. लग्न होऊन इथे आले तेव्हा रस्त्यावरची ती पाटी वाचून मला किती धीर आला होता, ते आज सांगितलं तर कुणाला पटायचं नाही.

माझे सासरे अन्नतंत्र संशोधन संस्थेत नोकरीला आले म्हणून आमचं घर म्हैसूरचं झालं. चेलुवांबा राजकन्येच्या वाड्यात १९५० मध्ये सुरू झालेली ही संस्था, सी.एफ.टी.आर.आय., पुण्या-मुंबईकडच्या पुष्कळ मराठी घरांना इथे घेऊन आली. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना कानडीचं अक्षर येत नव्हतं. त्यांची शाळा म्हणजे देवराज मार्केट. पुढे त्यांनी मला तिथेच शिकवलं. शिरायचं चिक्क गडियाराकडून, म्हणजे छोट्या घड्याळाकडून. लॉर्ड डफरिनच्या भेटीची आठवण म्हणून १८८६ मध्ये उभारलेला हा मनोरा. (राजवाड्याजवळचं मोठं घड्याळ, दोड्ड गडियार, नंतरचं, १९२७ चं.) तिथून आत शिरलं की आधी नारळ आणि केळी, मग भाजी, मग पूजासाहित्य, आणि फुलं अगदी शेवटी घ्यायची, म्हणजे पिशवीत दबत नाहीत.

“पान विकत घ्यायच्या आधी गालाला लावून बघ,” सासूबाई म्हणायच्या. विड्याचं पान. म्हैसूरचं चिगुरेले पान गुळगुळीत असतं, बदामी घाटाचं, आणि जिभेवर ठेवलं की तिखट लागतं. खरबरीत लागलं तर ते बाहेरचं, कितीही हिरवं दिसलं तरी. पानवाली म्हातारी त्यांना “अक्का” म्हणायची आणि त्या तिला “अम्मा”. दोघी जवळपास एकाच वयाच्या होत्या. फुलं मोजायची ती मोळाने, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या मापाने. माप विकणारीच्या हाताचं, त्यामुळे सासूबाई उंच बाई हेरून तिच्याकडेच जायच्या.

कुंकवाचे लाल, पिवळे, जांभळे, निळे शंकू हे या बाजाराचं सगळ्यात जास्त छायाचित्रं निघालेलं अंग. मला मात्र ग्रंथिगे अंगडी जास्त बोलक्या वाटतात. तिथे पूजेचं सामान आणि झाडपाला-औषधं एकाच छताखाली मिळतात. दर्भ, समिधा, वेखंड, ज्येष्ठमध, पिंपळी, चंदनाची ढलपी, बाळंतिणीचं सामान. आपल्याकडे काष्ठौषधींचं दुकान असतं तसंच, पण इथे त्याला लग्नमुंजीची यादीही जोडलेली. गिऱ्हाईक फक्त कार्य सांगतं, यादी दुकानदाराला पाठ असते. संक्रांतीच्या आधी याच गल्ल्यांत तीळ, गूळ, सुकं खोबरं, शेंगदाणे आणि डाळं एकत्र करून विकायला येतं आणि शेजारी साखरेचे साचे मांडलेले असतात, पक्षी, देऊळ, उसाचं कांडं. मार्गशीर्ष-पौषात अवरेकाई येते. दव पडलेल्या शेंगेचा तो उग्र तेलकट वास, ज्याला इथले लोक सोगडु म्हणतात, हाताला दोन दिवस राहतो. ज्याला तो वास आवडला तो म्हैसूरचा झाला, असं मी नव्या सुनांना सांगते.

इंग्लंडमधल्या बाजारपेठेच्या गावांबद्दल मी शिकवायचे तेव्हा मुलांना एक नियम फार आवडायचा. तेराव्या शतकातला ब्रॅक्टन नावाचा इंग्रज कायदेपंडित म्हणतो की एका बाजारापासून सहा पूर्णांक दोन तृतीयांश (साधारण पावणेसात) मैलांच्या आत दुसरा बाजार भरवला तर तो पहिल्याला उपद्रव समजावा. हिशेब साधा होता. माणसाची दिवसाची चाल वीस मैल धरायची आणि तिचे तीन भाग करायचे. एक भाग जायला, एक सौदा करायला, एक अंधार पडायच्या आत घरी परतायला. तिकडे बाजाराचा हक्क राजाच्या सनदेने मिळायचा आणि गावाच्या मधोमध त्याची खूण असायची, क्रूस किंवा बाजारगृह. पण सनदेपेक्षा मोठा नियम शेतकऱ्याच्या पायांचा होता.

हेच माप मुलांकडून मी म्हैसूरच्या नकाशावर ठेवून घ्यायचे. कंपासचं टोक छोट्या घड्याळावर. पावणेसात मैलांच्या वर्तुळात शहराला रोज भाजी आणि फुलं पुरवणारी गावं येतात. श्रीरंगपट्टण पंधरा किलोमीटर, म्हणजे वर्तुळाच्या जरासं बाहेर. नंजनगूड चोवीसेक किलोमीटर, म्हणजे पार बाहेर. तिथल्या गाडीवानाला त्याच दिवशी परतणं शक्य नव्हतं. मग तो रात्री राहायचा कुठे? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मुलांना शहरातली छत्रं दिसायला लागायची. नंजराज बहाद्दूर छत्र, सीताविलास छत्र, पूर्णय्यांचं छत्र. यात्रेकरूंसाठी बांधलेली असली तरी छत्र म्हणजे रात्रीचा निवारा, आणि गाडीवानालाही तोच हवा असतो. १८९१ मध्ये नंजनगूडपर्यंत रेल्वे गेली आणि वर्तुळ एकदम मोठं झालं. बाजाराची इमारत वाढत गेली ती त्याच सुमारास, हा मला योगायोग वाटत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी सकाळी बाजारात नेते आणि मग तिथला माल ज्या दिशेने येतो त्या दिशेने शहराबाहेर.

पानापासून सुरुवात. त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. म्हैसूरचं पान पहिल्यांदा महाराजांच्या बागांत लागलं, पूर्णय्यांच्या छत्रापासून नंजनगूड रस्त्यावरच्या विद्यारण्यपुरमपर्यंत, शंभरेक एकरांत. तिथून ते आसपासच्या गावांत पसरलं आणि पुढे त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आज त्या मूळ जागेवर घरं आहेत. नागवेलीला सावली लागते, ओल लागते आणि रोज बघणारा माणूस लागतो. प्लॉट पाडल्यावर यातलं काहीच उरत नाही.

त्याच रस्त्याने पुढे गेलं की कपिला नदी लागते, जिला कबिनीही म्हणतात. पलीकडे नंजनगूड. श्रीकंठेश्वराचं देऊळ बघायला सगळेच येतात. मी आधी नदीवरचा जुना पूल दाखवते. दळवाई, म्हणजे सेनापती, देवराजाने १७३५ मध्ये बांधलेला हा दगडी पूल. पुढे त्याच्यावरून रस्ता आणि रेल्वे दोन्ही गेल्या. रेल्वेच्या दीडशे वर्षं आधी बैलगाड्यांसाठी बांधलेल्या कमानींनी आगगाडीचा भार पेलला. नंजनगूडचं नाव घराघरात गेलं ते दोन गोष्टींनी. एक दंतमंजन, बी. व्ही. पंडित यांनी १९१३ मध्ये सुरू केलेल्या सद्वैद्यशाळेचं. दुसरी रसबाळे केळी.

रसबाळेबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे. हे केळं आखूड, पातळ सालीचं, आणि पिकलं की त्याचा वास खोलीभर पसरतो. सोललेला गर मऊ असतो, पण गिळगिळीत नाही. नंजनगूडच्या आसपासच्या काळ्या, चिकण, किंचित खारट गाळाच्या मातीतच ती चव येते. रोप दुसरीकडे नेऊन लावलं तर केळं येतं, चव येत नाही. याच मातीत पनामा रोगाची बुरशीही राहते. ती मुळातून शिरते, झाडाच्या नळ्या बंद करते, पानं पिवळी पडून खोडाभोवती लोंबू लागतात आणि बाग जाते. बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते, म्हणून त्याच शेतात पुन्हा लागवड करणं धोक्याचं. शेतकऱ्यांनी हळूहळू एलक्कीसारखी दुसरी केळी धरली. एके काळी देवराज मार्केटमध्ये घडांच्या घड लटकायचे, आता रसबाळे मागितली तर दुकानदार आधी तुमच्याकडे नीट बघतो. बऱ्याचदा त्या नावावर दुसरंच केळं हातात ठेवतात. देवरसनहळ्ळीकडे काही शेतकऱ्यांनी अजून ती जात राखली आहे. त्यांना भाव चांगला मिळावा, त्यांची रोपं निरोगी मिळावीत, यासाठी जे करता येईल ते लवकर करायला हवं. केळं नाहीसं झालं तर त्याच्या भौगोलिक मानांकनाचा कागद कुणी खाणार नाही.

मोगऱ्याची वाट उत्तरेची. म्हैसूर मल्लिगे शहराभोवती आणि श्रीरंगपट्टण तालुक्यात होते. कळी पहाटे खुडतात, उन्हं चढायच्या आत ती बाजारात पोचावी लागते, आणि गजरा होतो तो फूल उमलायच्या आधी. १९४२ मध्ये के. एस. नरसिंहस्वामींनी आपल्या कवितासंग्रहाला याच फुलाचं नाव दिलं आणि ज्यांनी म्हैसूर कधी पाहिलं नाही अशा कन्नड घरांतही ते पोचलं. वाटेत गंजाम लागतं. आज ते कावेरीच्या संगमाजवळचं, निमिषांबेच्या देवळासाठी ओळखलं जाणारं शांत गाव आहे. टिपूने ते ‘शहर गंजाम’ म्हणून वसवलं आणि त्यासाठी शिऱ्याहून हजारो कुटुंबं सक्तीने आणली. गंजामचे अंजीर अजूनही नावाजलेले आहेत. सक्तीने आणलेल्या माणसांच्या घामावर उभी राहिलेली बाजारपेठ फार काळ चालली नाही. राजधानी गेली तशी पेठ ओसरली, झाडं राहिली.

श्रीरंगपट्टणला मी नेते ती दर्या दौलतची बाग दाखवायला नव्हे, जरी १७८४ चा तो लाकडी महाल आणि त्यावरची पोल्लिलूरच्या लढाईची चित्रं बघण्यासारखी आहेत. मला तिथे पाहुण्यांना एका वेगळ्याच बाजाराची गोष्ट सांगायची असते. हा बाजार आपला होता, मराठी, आणि तो फिरता होता.

१७९१ चा मे महिना. लॉर्ड कॉर्नवॉलिस इंग्रज फौज घेऊन टिपूचं श्रीरंगपट्टण घ्यायला आला होता. १५ मे रोजी त्याने लढाई जिंकली, पण सैन्याच्या पोटात अन्न नव्हतं. तोफा ओढणारे बैल साथीने हजारोंनी मेले, देवीचा उद्रेक झाला, पाऊस लागला. शेवटी कन्नंबाडीजवळ, आज जिथे कृष्णराजसागर आहे तिथे, त्याने आपल्याच जड तोफा निकामी केल्या आणि माघार घेतली. माघारीला सुरुवात होते न होते तोच मेलुकोटेच्या बाजूने घोडेस्वार दिसले. इंग्रजांना वाटलं टिपूचे. ते इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांचं सैन्य होतं. आणि त्या सैन्याबरोबर होता त्याचा बाजार.

या बाजाराचं वर्णन मार्क विल्क्सने आपल्या दक्षिणेच्या इतिहासात केलं आहे. तो पुढे म्हैसूर दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता. उपाशी सैनिकांना त्या मराठी छावणीत धान्य मिळालं, महाग पण मिळालं. आणि धान्यच नव्हे, काश्मिरी शाली, जडजवाहीर, इंग्लंडचं बनातीचं कापड, अगदी बर्मिंगहॅमचा चाकूसुद्धा. सराफ नाणी मांडून बसलेले, चामडं कमावणारे कामाला लागलेले, गुरं-मेंढरं-कोंबड्या विकायला मांडलेल्या. विचार करा. बर्मिंगहॅमची भट्टी, मग मुंबई किंवा आणखी कुठलं बंदर, मग घाट, मग बैलाची पाठ, आणि शेवटी मेलुकोटेच्या पायथ्याशी तो चाकू त्याच्याच देशाच्या भुकेल्या शिपायापुढे विकायला ठेवलेला. जागतिक व्यापार समजावून सांगायला मला याच्याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

ही गोष्ट सांगताना अभिमान वाटतो आणि दुसरी बाजूही सांगावी लागते. मराठी सैन्याच्या वाटेवर जे खेडं येई त्याचा बाजार मात्र उठलेला असे. त्याच साली परशुरामभाऊंच्या सैन्याबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला आणि मठ पुन्हा सावरायला मदत पाठवली ती टिपूने. छावणीतल्या त्या भरल्या बाजारातली कितीतरी गुरं आणि धान्य इथल्याच खेड्यांतलं असणार. पुढच्या वर्षी, १७९२ च्या तहात टिपूचं अर्धं राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये इंग्रज, निजाम आणि पेशवे या तिघा दोस्तांनी घेतले. आपला वाटा त्यात होता. या मुलखाला आपली ओळख अशी आहे, आणि तरीही पुढे म्हैसूरच्या सरकारी हिशेबांत कन्नडच्या जोडीला मराठी चालत राहिली, तंजावरच्या मराठी घराण्यातले व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव इथे दिवाण झाले, पुण्याला शिकलेले विश्वेश्वरय्या इथे येऊन कन्नंबाडीचं धरण बांधू लागले. तलवारीने जे तोडलं ते कारकुनांनी, इंजिनिअरांनी आणि दुकानदारांनी सांधलं, असं मला वाटतं.

टिपूशी शेवटचं युद्ध संपल्यावर १८०० मध्ये फ्रान्सिस बुकानन या मुलखातून फिरला. त्याचं पुस्तक १८०७ मध्ये निघालं. पिकं, मापं, भाव, विणकर, आठवडी बाजार, सगळं तो टिपत गेला. कंपनी सरकारला वसुलीचा अंदाज हवा होता म्हणून ही पाहणी, पण आज त्याच नोंदी आम्हाला सांगतात की उजाड झालेल्या मुलखात पहिल्यांदा काय परत आलं. परत आला तो संते, आठवडी बाजार. पक्की इमारत, घड्याळ, कमानी हे सगळं ऐंशी-नव्वद वर्षांनंतरचं.

त्या पक्क्या इमारतींचीही एक लाट होती. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं. पुण्याची मंडई, तेव्हाचं रे मार्केट, १८८६ ची, म्हणजे म्हैसूरच्या छोट्या घड्याळाच्याच वर्षाची. पुण्यात त्या खर्चाला नगरपालिकेचे सभासद म्हणून जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. फुल्यांचा प्रश्न मला देवराज मार्केटमध्येही पडतो. ही कमान, हे छत कुणासाठी? दुकान मिळालं ते व्यापाऱ्याला. शेतातून थेट आलेली बाई तेव्हाही बाहेरच्या कडेला गोणपाट टाकून बसत होती, आजही बसते.

तरी छताचं महत्त्व कमी होत नाही. १८९८ मध्ये म्हैसुरात प्लेग आला. दाट वस्त्या, तुंबलेली गटारं आणि उघड्यावरचं धान्य यांची किंमत शहराने मोजली. त्यातून १९०३ मध्ये नगर सुधारणा मंडळ आलं, रस्ते रुंद झाले, घरांच्या मागे सफाईच्या गल्ल्या आल्या. चुना आणि विटांच्या जाड भिंती, उंच छत, दोन्ही टोकांना मोठी दारं, त्यामुळे आरपार वारा. बाजाराची ही बांधणी त्या काळाच्या आरोग्यविचाराला धरून आहे. एप्रिलच्या दुपारी आतली केळ्यांची ओळ बाहेरच्या रस्त्यापेक्षा थंड असते.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये बाजारासमोरच्या लॅन्सडाउन इमारतीचा भाग कोसळला आणि चार माणसं गेली. व्हाइसरॉय लॅन्सडाउनच्या भेटीची आठवण म्हणून १८९२ मध्ये बांधलेली ही दुकानांची ओळ. जुन्या पुस्तकांची दुकानं तिथेच होती, माझी अर्धी ग्रंथसंपदा तिथली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये देवराज मार्केटचं धन्वंतरी रस्त्याकडचं उत्तर दार पडलं, दुरुस्ती चालू असतानाच. तेव्हापासून पाडून त्याच धाटणीचं नवं बांधायचं की आहे तेच दुरुस्त करायचं, हा वाद महापालिका, वारसा समिती, व्यापारी आणि न्यायालय यांच्यात फिरतो आहे.

माणसं मेली आहेत, त्यामुळे नुसत्या जुन्याच्या प्रेमाने बोलून चालणार नाही, हे मला मान्य आहे. पण इमारत पडली म्हणजे ती आपणहून पडली असं होत नाही. चुन्याच्या छतावर वर्षानुवर्षं गवत आणि पिंपळ वाढू दिला, पाणी मुरू दिलं, पन्हळी बुजल्या, भिंतींत पत्र्याचे पोटमाळे ठोकले, जुन्या चुन्यावर सिमेंट थापलं. चुना ओल घेतो आणि सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. मग वीट आतून भुगा होते. हे माहीत असलेले गवंडी आणि वास्तुविशारद आपल्याकडे आहेत. मुंबईने क्रॉफर्ड मार्केटची जुनी इमारत दुरुस्त करून राखली. म्हैसूरला ते जमणार नाही असं म्हणणं म्हणजे या शहराच्या कारागिरांना कमी लेखणं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. घाऊक व्यापार आता नंजनगूड रस्त्यावरच्या बंडीपाळ्याच्या यार्डात आणि इतरत्र गेला आहे. त्यामुळे गावाचा माल शहराला थेट भेटायचा तो आधीसारखा भेटत नाही. इमारत राखली आणि आत फक्त पर्यटकांसाठी अगरबत्ती आणि रंगांचे शंकू उरले, तर खटाटोपाला अर्थ नाही. माझं मागणं साधं आहे. दुरुस्तीनंतर आतली एक गल्ली पिकवणाऱ्यांना राखून द्यावी, रोजच्या भाड्यावर, दुकानाच्या पागडीशिवाय. देवरसनहळ्ळीची रसबाळे, श्रीरंगपट्टणची मल्लिगे, गंजामचे अंजीर, हे सगळं ज्याने पिकवलं त्याच्याच हातून विकलं जावं. बैलगाडीच्या जागी टेंपो आला असला तरी पहाटे निघून, माल विकून, दुपारी जेवायला घरी परतणं शेतकऱ्याला आजही हवं असतं. श्रीरंगपट्टण आणि नंजनगूडहून पहाटेच्या बस आहेतच. त्यांच्या टपावर टोपल्या चढवायला पुन्हा परवानगी द्यायला हवी, आणि छोट्या घड्याळापाशी त्या उतरवून घ्यायला जागा.